अर्धा स्क्रूवर, अर्धा झाकणावर

स्क्रूवरचा लाल ठिपका आपला नव्हे, हे त्याच्या लक्षात आलं तेव्हा स्क्रूड्रायव्हर खाचेत बसवून झाला होता आणि फक्त मनगट फिरवायचं बाकी होतं. त्याने हात तसाच मागे घेतला. रविवारची दुपार होती, जेवणाच्या टेबलावर जुनी चादर पसरून तिच्यावर डीव्हीडी प्लेयर पाठमोरा ठेवलेला होता, आत बायको भांडी लावत होती आणि भांड्यांचा आवाज नेहमीपेक्षा जपून येत होता. म्हणजे हे जपून येणं त्याला आत्ता जाणवलं. ठिपका दिसायच्या आधी तो आवाज साधाच होता. त्याने चष्मा कपाळावर चढवला, ऑफिसच्या बॅगेतून भिंग काढलं आणि प्लेयरवर इतका वाकला की तापलेल्या प्लास्टिकचा जुना वास नाकात गेला. ठिपका अर्धा स्क्रूच्या डोक्यावर आणि अर्धा झाकणाच्या पत्र्यावर होता, जसा तो स्वतः लावायचा तसाच. ठिपक्यातून टाचणीचा बारीक ओरखडा गेला होता, तोही जसा तो स्वतः काढायचा तसाच. पण रंग! त्याचा लाल विटकरीकडे झुकणारा होता. हा लाल गुलाबाकडे झुकत होता. करणाऱ्याने सगळी नक्कल साधली होती आणि रंगात मार खाल्ला होता. नक्कल करणारा कुठेतरी एका जागी कमी पडतोच, हे त्याला पोटापाण्याच्या धंद्यामुळे माहीत होतं.

तो वीज कंपनीत मीटर तपासनीस होता. लोकांच्या दाराशी जायचं, जिन्याखालच्या अंधारात मीटरच्या पेटीसमोर उकिडवं बसायचं आणि कुणी सील छेडलंय का ते पाहायचं, हे काम त्याने इतकी वर्षं केलं होतं की माणसाशी बोलतानाही त्याची नजर आधी समोरच्याच्या शर्टाच्या बटणांवर जायची. ऑफिसात त्याला भिंग म्हणत. तोंडावर म्हणत, आणि त्याला ते आवडायचं. नवीन लागलेल्यांना तो सांगायचा, माणसाकडे बघू नका, सीलकडे बघा. माणसाला तोंड असतं आणि ते फिरवता येतं. आणखी एक सांगायचा, की ज्या घरात न मागता चहा येतो तिथे समजावं, पाणी मुरतंय. घरातल्या वस्तूंना ठिपके लावायची सवय त्याला या कामातूनच लागली होती. नेलपॉलिशची एक बाटली त्याच्या हत्यारांच्या पेटीत कायम असायची. काडीच्या टोकाने थेंब ठेवायचा, अर्धा स्क्रूवर, अर्धा झाकणावर, आणि सुकता सुकता त्यातून टाचणी ओढायची. स्क्रू केसभर जरी फिरला तरी ओरखडा तुटतो. त्याच्या मते ही काही संशयाची गोष्ट नव्हती. दाराला कडी असते, तसा वस्तूला ठिपका.

“चहा,” बायको म्हणाली आणि कप टेबलाच्या कडेला ठेवला.

त्याने कपाकडे पाहिलं. वाफ येत होती. “आज इतक्या लवकर?”

“दूध तापलंच होतं.” ती त्याच्याकडे न बघता प्लेयरकडे बघत होती. “उघडला नाहीत अजून?”

“उघडतोय.”

“मी म्हणते, टाकून द्या हो. आता कोण बघतंय डीव्हीडी? नुसती धूळ खात पडलाय.”

“ट्रे बाहेर येत नाही, एवढंच झालंय त्याला. तेवढ्यासाठी टाकायचा? आत डिस्क आहे का?”

“मला काय माहीत. रिकामाच असेल.”

“शेवटचा कुणी लावला होता?”

बायको पदराने टेबलाची कोरडी कड पुसायला लागली. “झालं सुरू,” ती पुटपुटली आणि आत गेली.

चहा त्याने घेतला नाही. तो खुर्चीत मागे टेकून बसला आणि विचार करायला लागला, आणि त्याचा विचार म्हणजे नेहमी कुणाचा तरी माग असायचा. हे काम बायकोचं नव्हतं, एवढं उघड होतं. ती बरणीचं झाकण घट्ट बसलं तरी त्याला हाक मारायची; दिव्याचा बल्ब गेला तर तो घरी येईपर्यंत अंधारात बसायची. म्हणजे कुणीतरी पुरुष. कुणीतरी आला, या चादरीवर नसेल पण या टेबलावर प्लेयर ठेवला, या खुर्चीत बसला. वरच्या मजल्यावरचा विधुर रेडिओ उघडून बसतो आणि जिन्यात भेटला की बायकोला वाकून नमस्कार करतो. कोपऱ्यावरच्या दुरुस्तीच्या दुकानातला तो हसरा, त्याच्याबद्दल बायको एकदा म्हणाली होती, माणूस मोठा गोड आहे हो. तिचा मामेभाऊ तर यंत्रं उघडण्यात पक्का, आणि त्याचं येणं मध्यंतरी एकाएकी बंद झालं होतं. का बंद झालं ते कुणी सांगितलं नव्हतं आणि त्यानेही तेव्हा मूर्खासारखं विचारलं नव्हतं. त्याला त्या खुर्चीतला माणूस दिसायला लागला. त्याच्यापुढे चहाचा कप, आणि तो चहा नक्कीच लवकर आलेला. त्याला मत्सर वाटला. डोक्यावरचे केस गेले, गुडघे बोलायला लागले, मुलगी नोकरीसाठी दुसऱ्या गावी राहायला गेली, आणि आता या वयात कुणाच्या तरी हातातल्या स्क्रूड्रायव्हरचा मत्सर वाटावा, याची त्याला लाजही वाटली. पण वाटला तो वाटलाच. झाकण उघडलं याचं एवढं नव्हतं. उघडून पुन्हा त्याचीच खूण त्याच्यासाठी लावून ठेवली होती, ते जिव्हारी लागलं. आणि ओरखड्याचं त्या माणसाला सांगितलं कुणी? बाहेरच्या कुणाला ते ठाऊक असायचं कारण नव्हतं. घरभेदी घरातच असतो, नाहीतर त्याला घरभेदी म्हटलं नसतं.

या प्लेयरला पहिला ठिपका लागला ती संध्याकाळ त्याला स्पष्ट आठवत होती, कारण ती गोष्ट तो ऑफिसात रंगवून सांगायचा. प्लेयर नवाकोरा होता. तो कामावरून आला तर ट्रे वाकडा होऊन जिभेसारखा बाहेर लोंबत होता, म्हणजे कुणीतरी बटण न दाबता हाताने ढकलला होता. आई तेव्हा होती, मुलगी शाळेत होती. त्याने तिघींना याच टेबलाशी बसवलं. मग सुचलं, की तिघी एकत्र बसल्या तर जबान्या जुळवतील. म्हणून दोघींना आत पाठवायचं आणि एकीला विचारायचं, असं एकेकीला घेतलं. मुलगी म्हणाली, मला माहीत नाही. बायको म्हणाली, मला माहीत नाही. शेवटी आई आली, खुर्चीच्या पाठीला धरून सावकाश बसली आणि म्हणाली, “माझ्या हातून झालं रे बाळा. मीच ढकलला.” आई, जी साधा पंखा बंद करायलासुद्धा दुसऱ्याला सांगायची! त्याने सरळ म्हटलं होतं, “आई, खोटं बोलू नकोस. तुला तो चालू तरी करता येतो का?” त्यावर आईने टेबलावरचं काहीतरी, जे तिथे नव्हतं, बोटाने गोळा केलं होतं. तो मात्र मागे हटला नाही. जेवणं लांबली, मुलीला रडून रडून उचकी लागली, आणि गुन्हेगार काही सापडला नाही. “सख्ख्या आईने साक्ष फिरवली माझी!” असं तो ऑफिसात सांगायचा आणि सगळे हसायचे. पुढे त्याने स्वतःच ट्रे नीट केला, स्क्रूंना ठिपके लावले, मग एकेक करत घरातल्या सगळ्याच यंत्रांना लावले, आणि तिघींना जवळ बोलावून दाखवलेही. गोष्टीचा शेवट तो ठरलेला करायचा: तेव्हापासून आमच्या घरात काही म्हणता काही बिघडलेलं नाही. धाक असला की वस्तू टिकतात.

काही म्हणता काही बिघडलेलं नाही. हे वाक्य आज त्याला मनातल्या मनात म्हणताना कसंसंच वाटलं. मिक्सर जळत नाही, इस्त्री जात नाही, पंखा कुरकुरत नाही, असं कुणाचं घर असतं? दुसऱ्याच्या दारात असं वाक्य कुणी त्याला ऐकवलं असतं तर त्याने आधी पेटी उघडायला लावली असती.

त्याने स्क्रू फिरवला. ओरखडा तुटला. एकामागून एक स्क्रू त्याने बशीत टाकले आणि झाकण उचललं. आत धूळ नव्हती. इतक्या वर्षांच्या यंत्रात बोटाला चिकटेल असा काळा थर असायला हवा होता. इथे कुणीतरी कसून पुसून घेतलं होतं, कोपऱ्यातसुद्धा, जिथे बोट जात नाही तिथे काडीला कापूस गुंडाळून. भिंग असलेला, बारीक मण्याएवढा, डिस्क वाचणारा डोळा लख्ख होता. हे दुकानातल्या माणसाचं काम नव्हे. दुकानवाले एवढा जीव लावत नाहीत. त्याने दातेरी चाक बोटाने ढकलत ट्रे अर्धवट बाहेर आणला, तर आत डिस्क होती. रिकामाच असेल, म्हणाली होती. ट्रेच्या खाली मोटारपासून चाकापर्यंत जो पट्टा असतो, त्या जागी पट्टा नव्हताच. वेणीच्या टोकाला बांधतात तसलं काळं बारीक रबर होतं, ताणून ताणून सैल पडलेलं. ट्रे अडकायचं कारण तेवढंच. रबर चाकावरून नुसतं घसरत होतं. त्याने ते चिमट्याने काढून डोळ्यांसमोर धरलं आणि विधुर, हसरा, मामेभाऊ हे तिघेही त्याच्या डोक्यातून एकदम उठून गेले. त्याला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. पण खुर्ची मोकळी झाली आणि जास्तच भीती वाटायला लागली. मग त्याला ट्रेच्या रुळाखाली काहीतरी चकाकताना दिसलं. ट्रे जिथे वाकला होता तिथे टेकू म्हणून कुणीतरी चंदेरी कागदाची घडी सारली होती. घडी उलगडली तर ते गोळ्यांच्या पाकिटाचं टोक होतं. हिरव्या अक्षरातलं अर्धं नाव. ते पाकीट तो दर महिन्याला स्वतः आणायचा. आईच्या रक्तदाबाच्या गोळ्या.

आई जाऊनही वर्षं झाली होती. म्हणजे टेकू तरी आई असतानाचा; पुसणं नंतरही होत राहिलं असणार. आई दिवसभर याच खोलीत, खिडकीशी बसलेली असायची. संध्याकाळी तो बूट काढत असताना न विचारताच सांगायची, आज कुणी आलं नाही हो, सगळं ठीक. तिच्या साक्षीवर त्याने इतकी वर्षं झोप घेतली होती. त्याला तिची सांगायची पद्धत आठवली: मान किंचित कलती, नजर त्याच्या खांद्यावरून पलीकडे. आजवर ते म्हातारपण वाटलं होतं. आता तो त्या नजरेचा माग काढू लागला, आणि ती नजर स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन थांबत होती, जिथे बायको उभी असायची. मेलेल्या माणसाची उलटतपासणी घेता येत नाही. चंदेरी तुकडा त्याने टेबलावर ठेवला.

आतून बायकोचा फोनवरचा दबका आवाज येत होता. तो उठला आणि पाय न वाजवता दाराच्या अलीकडे उभा राहिला. स्वतःच्याच घरात असा कान देऊन उभं राहायची त्याला काहीच अडचण वाटली नाही, आणि हेही त्याला नंतर आठवलं. “हो, उघडलाय,” बायको म्हणत होती. “नाही गं, अजून काही बोलले नाहीत. चहासुद्धा घेतला नाही... नको, तू नको फोन करूस. तू काही सांगू नकोस. आत आले की मी बघते.” म्हणजे मुलगी. तीही.

तो झोपायच्या खोलीत गेला. आरशाखालच्या खणात, बायकोच्या पिनांच्या डबीमागे, त्याला हवी होती ती बाटली मिळाली. गुलाबाकडे झुकणारा लाल, तळाला बोटभर उरलेला. बायकोची नखं रंगवलेली त्याने जन्मात पाहिली नव्हती. मग एवढा रंग गेला कुठे? त्याने कपाटावरचा टेबलफॅन उतरवून उलटा केला: गुलाबी. इस्त्री: मुठीखाली, गुलाबी. आईचा जुना रेडिओ, जो कुणी लावत नव्हतं: गुलाबी. खोकल्याच्या वेळी लावायचं वाफेचं यंत्र: गुलाबी. त्याची स्वतःची दाढीची मशीन त्याने शेवटी पाहिली, पाहू नये असं वाटत असताना पाहिली, आणि तिच्या तळाच्या तिळाएवढ्या स्क्रूवर तिळाएवढा ठिपका होता, अर्धा स्क्रूवर, अर्धा झाकणावर, ओरखडा काढलेला. मध्यंतरी ती मशीन अडखळत होती आणि एक दिवस आपोआप सुरळीत झाली होती. आपोआप! तो पलंगाच्या कडेवर बसला. सबंध घर त्याच्या पाठीमागे बिघडत होतं आणि दुरुस्त होत होतं, आणि तो रोज संध्याकाळी येऊन ठिपक्यांवरून नजर फिरवून समाधानाने हात धूत होता.

बाहेर आला तेव्हा बायको टेबलाशी उभी होती. उघडा प्लेयर, बशीतले स्क्रू, चंदेरी तुकडा आणि शेजारी न प्यायलेला चहा, सगळं तिने पाहिलं होतं. त्याने नेलपॉलिशची बाटली त्या सगळ्याच्या मधोमध ठेवली.

“विचारा,” ती म्हणाली. आणि खुर्ची ओढून बसली. जबान्यांच्या त्या संध्याकाळची तीच खुर्ची होती, आणि हात मांडीवर तेव्हासारखेच ठेवले होते.

“कोणी उघडला हा?”

बायको हसली, पण ते हसू त्याच्यासाठी नव्हतं. “बघा. अजून तेच.”

“तेच म्हणजे?”

“इतक्या वर्षांत तुम्ही कधी विचारलं नाहीत, काय झालं म्हणून. कोणी केलं, एवढंच. हा प्लेयर यायच्याही आधी मिक्सरचं पातं तुटून माझं बोट कापलं होतं, तेव्हा तुम्ही पातं हातात घेऊन विचारलंत, कोणी लावलं होतं म्हणून. बोट मी पदरात धरलं होतं.”

त्याला ते आठवत नव्हतं. पातं आठवत होतं.

“मग काय करणार?” बायको म्हणाली. “त्या ट्रेच्या वेळी पोरीला ताप भरला, दुसऱ्या दिवशी तुम्ही कामावर गेल्यावर. तेव्हा सासूबाईच म्हणाल्या, सूनबाई, आता या घरात काही मोडलं तर त्याच्या कानावर जाता कामा नये. इस्त्री गेली तेव्हा पोरीने उघडली. भीत भीत. आत एक तार सुटली होती, तेवढीच. आम्हाला वाटलं, अरेच्चा, एवढंच असतं होय!” तिचा आवाज बदलला होता. “मग काय, पोर लायब्ररीतून पुस्तकं आणायची, मी हत्यारं धरायची. तुमची पेटी घेत होतो, पुन्हा जशीच्या तशी लावत होतो. आणि सासूबाई टॉर्च धरायच्या.”

“आई?”

“दुसरं कोण? खिडकीकडे लक्ष आणि हातात टॉर्च. त्यांचा हात कापायचा ना, मग उजेड सगळ्या घरभर नाचायचा. पोर ओरडायची, आजी, स्क्रूवर धर गं, भिंतीला काय बिघडलंय? आणि त्यांना हसू यायचं. त्या हसल्या की टॉर्च आणखी हलायचा. एकदा तर इतक्या हसल्या की टॉर्च खाली ठेवून डोळे पुसत बसल्या, आणि आम्ही दोघी जमिनीवर, पंखा मांडीत घेऊन...” बायको सांगता सांगता खुदकन हसली, तोंडावर हात नेला, आणि तेवढ्यात तिची नजर त्याच्यावर पडली. हसू जागच्या जागी विझलं. तिने हात पुन्हा मांडीवर ठेवले.

त्याने ते हसू विझताना पाहिलं. त्याच्याच घरात, त्याच्याच हत्यारांनी, तीन बायका जमिनीवर बसून डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसत होत्या, आणि त्याच्या जिन्यातल्या पावलांबरोबर ते हसणं आवरलं जात होतं. तो दार उघडून आत यायचा तेव्हा तिघींचे चेहरे धुतल्यासारखे असायचे. काय झालं, असं त्याने कधीतरी विचारलंही असेल. काही नाही, असं उत्तर आलं असेल, आणि त्याने ते सरळ मान्य केलं असेल, कारण ठिपके शाबूत होते. त्याला राग यायला हवा होता. तो रागाची वाट पाहत होता. पण त्याला दुसरंच काहीतरी वाटत होतं, लहानपणी खेळायला कुणी घेतलं नाही म्हणजे वाटायचं तसलं, आणि या वयात ते बोलून दाखवता येत नव्हतं.

“ओरखडा?” त्याने विचारलं. “टाचणीचा ओरखडा कुणाच्या लक्षात आला?”

“त्यांच्याच. आम्ही तर नुसता ठिपका लावून मोकळ्या होणार होतो. म्हणाल्या, थांबा. मुलगा माझा आहे, तो कुठे बघेल ते मला माहीत आहे.”

मग त्याने सैल रबर उचललं आणि विचारलं, “असलं अजून एक आहे का?” बायको उठून आत गेली आणि नवं रबर घेऊन आली. त्याने ते चाकांवरून चढवलं, चंदेरी तुकड्याची पुन्हा घडी घातली आणि होती तिथेच सारली; त्या जागी दुसरं काही बसवायचा विचारही त्याच्या मनात आला नाही. टीव्हीच्या वायरी जोडल्या. ट्रे गुणगुणत बाहेर आला, आत गेला, डिस्क फिरायला लागली. पडद्यावर मुलीच्या शाळेचा कार्यक्रम उमटला, कुणा पालकाने हलत्या हाताने घेतलेला. त्याला वाटलं होतं ही डिस्क केव्हाच हरवली.

“रिकामाच असेल म्हणालीस.”

“दुपारी लावते कधीतरी. सासूबाई दिसतात म्हणून. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही विचारलं असतंत, कधीपासून, कितीदा.”

रंगमंचावर मुली हात धरून गोल फिरत होत्या. मग कॅमेरा वळला आणि प्रेक्षकांच्या रांगा दिसल्या, आणि तिसऱ्या की चौथ्या रांगेत आई, तोंडाला पदर लावून हसणारी. शेजारी बायको, तिच्यापलीकडे तो. सगळ्यांच्या माना रंगमंचाकडे होत्या, त्याची भिंतीकडे. तो बारीक डोळे करून सभागृहाच्या स्विचबोर्डकडे बघत होता. आईने बायकोच्या मागून हात लांबवून त्याच्या खांद्याला टोचलं, रंगमंचाकडे बोट केलं; त्याने मान हलवली, क्षणभर तिकडे पाहिलं आणि पुन्हा भिंतीकडे वळला. कॅमेरा पुढे सरकला. बायकोने हे पुष्कळदा पाहिलं असणार.

कार्यक्रम संपल्यावर त्याने झाकण बसवलं, स्क्रू आवळले. सवयीने हात पेटीतल्या बाटलीकडे गेला. बाटली त्याने उघडली, आणि पुन्हा बंद केली. “आता ठिपका नको,” तो म्हणाला. हे म्हणताना आपण काहीतरी मोठं देतो आहोत असं त्याला वाटलं. बायकोने प्लेयरकडे पाहिलं, उघड्या स्क्रूंकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

“बरं,” ती म्हणाली.

सोमवारी तो कामावर गेला आणि एका जिन्याखाली बसून सील तपासताना त्याच्या डोक्यात एकसारखा टॉर्चचा उजेड नाचत होता. संध्याकाळी घरी येताना त्याने मुद्दाम पावलं वाजवली, मग वाटलं, वाजवायला नको होती. घर शांत होतं. पुढचेही दिवस तसेच गेले. तिने डिस्क लावली असेल, दुपारी बसली असेल, असं त्याला वाटत होतं. पण मांडणीवरची धूळ पुसलेली असायची आणि प्लेयरच्या भोवती मात्र चार बोटं जागा तशीच सोडलेली, धुळीची चौकट आखल्यासारखी. ती प्लेयरजवळून जाताना साडी आवरून जायची. एकदा त्याने सहज विचारलं, “लावत नाहीस का गं आता?” त्यावर ती एवढंच म्हणाली, “नको. आता खूणही नाही त्याला. उद्या काही झालं तर कळायचं कसं, कुणाच्या हातून?” इतकी वर्षं ज्याच्यापुढे लोक सावध उभे राहिले तो माणूस एके दिवशी म्हणाला, माझा विश्वास आहे, तर शहाण्या माणसाने आणखी सावध व्हावं, हे त्यानेच नवीन लागलेल्यांना शिकवलं असतं.

आणि शुक्रवारी घरी आला तर प्लेयर पुसलेला होता. त्याने जवळ जाऊन पाहिलं. स्क्रूंवर लाल ठिपके होते. अर्धे स्क्रूवर, अर्धे झाकणावर. त्याने भिंग काढलं, आणि काढताना त्याला स्वतःची किळस आली, तरी काढलं. रंग विटकरीकडे झुकणारा होता. या वेळी तिने त्याच्या पेटीतली बाटली घेतली होती. मार खायला जागाच ठेवली नव्हती. ओरखडा सरळ, एका दमात ओढलेला. त्याने स्वतः लावले असते तर असेच लागले असते. आईच्या गोळ्यांच्या पाकिटाचा तुकडा, काळं रबर, ती डिस्क, सगळं आत बंद झालं होतं आणि बाहेरून काही म्हणता काही बिघडलेलं नव्हतं.

त्याने प्लेयर उचलून टेबलावर आणला. चादर पसरली. खिडकीतून अजून भरपूर उजेड येत होता. तरी त्याने कपाटातून आईचा टॉर्च काढला, पेटतो का पाहिला, पेटला. मग त्याने हाक मारली, आणि स्वतःच्या आवाजातली अजिजी त्याला ऐकू आली. “अगं, जरा टॉर्च धरतेस का?”

बायको हात पुसत दारात आली. तिने टेबल पाहिलं, स्क्रूड्रायव्हर पाहिला.

“काय झालं? मी हात नाही लावला त्याला.”

“काही नाही झालं. उघडून बघू म्हटलं. दोघं मिळून.”

“बिघडलाय का?”

“नाही.”

“मग कशाला उघडताय?”

त्याने टॉर्च पुढे केला. बायकोने तो घेतला, त्याच्या शेजारी येऊन उभी राहिली आणि दोन्ही हातांनी घट्ट धरून स्क्रूवर उजेड पाडला. तो वाट पाहत राहिला. उजेड बरोबर ठिपक्यावर होता, आणि जरासुद्धा हलत नव्हता.